दुसरी किल्ली कोणाकडे?

'कोरोना बॅच' हा शब्द आता हळूहळू मागे पडतो आहे. ज्या मुलामुलींसाठी तो तयार झाला ती आज पंचविशीच्या अलीकडेपलीकडे आहेत. कोणी नोकरीत रुळले, कोणी परदेशी गेले, कोणाच्या लग्नाच्या पत्रिकाही येऊन गेल्या. पण शब्द जुना झाला म्हणून त्याचा डंख बोथट झाला असे नाही. 'तुमचं काय बुवा, घरी बसून पास झालेले तुम्ही!' हे वाक्य या मुलांनी लग्नाच्या पंगतीत ऐकले आहे आणि नोकरीच्या मुलाखतीतही ऐकले आहे. बोलणारा हसत बोलतो, ऐकणाराही हसतो. हसण्याशिवाय तो दुसरे करणार काय?

हा शिक्का नुसता तोंडी नव्हता. जुलै २०२० मध्ये राज्यातल्या कृषी अभ्यासक्रमाच्या काही गुणपत्रिकांवर 'प्रमोटेड कोविड-१९' असे शब्द छापून आले. ओरड झाली, मंत्र्यांना लक्ष घालावे लागले. पुढच्याच वर्षी तमिळनाडूत मदुराई येथे एका मोठ्या खासगी बँकेच्या मुलाखतींची जाहिरात निघाली. २०२१ साली उत्तीर्ण झालेले उमेदवार पात्र नाहीत, असे तीत म्हटले होते. ही छपाईची चूक असल्याचा खुलासा बँकेने केला. चूक असेलही. माझी सारी नोकरी बँकेत गेली आणि छपाईच्या चुका मी पुष्कळ पाहिल्या. पण ती ओळ वाचून कितीतरी जणांना तीत चूक अशी काही दिसलीच नाही, हे विसरून चालणार नाही. जे मनात होते तेच कागदावर आले, एवढेच त्यांना वाटले.

या मुलांवर आरोप एकच होता. ऑनलाइन परीक्षेत त्यांनी सर्रास कॉपी केली आणि गुण लुटले. आरोपात तथ्य आहे, हे आधीच मान्य केलेले बरे. तथ्य नाही असे म्हणणारा एक तर फार भोळा असेल, नाही तर त्याच्या घरात त्या वर्षी कोणी विद्यार्थी नसेल. परंतु आरोप खरा ठरला म्हणजे विषय संपतो, असे मला वाटत नाही. अफरातफर झाली की बँकेत पहिला प्रश्न 'कोणी केली?' हा असतो. पण जाणता तपासनीस तिथे थांबत नाही. तो विचारतो, 'करता आली कशी?' या दुसऱ्या प्रश्नाकडे आपण अजून नीट पाहिलेले नाही.

२०२० चा तो उन्हाळा आठवून पाहा. टाळेबंदी लागलेली, महाविद्यालयांना कुलपे आणि शेवटच्या वर्षाच्या परीक्षा तोंडावर आलेल्या. राज्य सरकारने जूनमध्ये जाहीर केले, की या परीक्षा होणार नाहीत. राज्यपाल आणि कुलपती या नात्याने भगतसिंह कोश्यारी यांचे मत वेगळे होते. ६ जुलैला विद्यापीठ अनुदान आयोगाने सांगितले, की अंतिम वर्षाची परीक्षा घ्यावीच लागेल. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ ऑगस्टला निकाल लागला, की परीक्षेवाचून पदवी देता येणार नाही. फार तर मुदत वाढवून मागा. म्हणजे एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत लाखो मुलांना आपली परीक्षा आहे की नाही, हेच ठाऊक नव्हते. पुस्तक उघडावे तर 'परीक्षा रद्द' अशी बातमी, मिटावे तर 'परीक्षा अटळ' अशी बातमी. या पाच महिन्यांचा ताण कोणत्याही गुणपत्रिकेत मांडला गेलेला नाही.

मग महिन्याभरात परीक्षा उभी करण्याची धावपळ सुरू झाली. मुंबई विद्यापीठाने ऑक्टोबरमध्ये ५० गुणांची, एका तासाची, बहुपर्यायी प्रश्नांची ऑनलाइन परीक्षा घेतली. १८५७ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाची परीक्षा पिढ्यान्‌पिढ्या बाकावर बसून, पुरवण्या जोडून आणि हात दुखेपर्यंत लिहून दिली जात होती. ती आता मोबाइलच्या पडद्यावर अंगठ्याने द्यायची होती. दूर व मुक्त अध्ययन संस्थेच्या परीक्षेत तर सर्व्हरवर सायबर हल्ला झाल्याचे सांगून मधले पेपर पुढे ढकलावे लागले. कोकणातल्या डोंगरउतारावर, सह्याद्रीच्या कुशीतल्या वाड्यांमध्ये 'रेंज' मिळते ती जागा शोधून मुले बसत होती. प्रश्नाचे उत्तर येते की नाही यापेक्षा ते वेळेत 'सबमिट' होते की नाही, ही धास्ती मोठी होती.

आणि ज्यांच्या घरी रेंज होती, तिथे काय चालले होते? त्या दिवसांत एक विनोद फिरत असे. आई पुस्तकाची पाने उलटत होती, बाबा गूगलवर शोधत होते, ताई मैत्रिणीला फोनवर विचारत होती आणि ज्याची परीक्षा होती तो सर्वांसाठी चहा करीत होता. विनोद म्हणून तो चांगला आहे. पण त्यातला आरोपी कोण, हे कोणी विचारले नाही. वीस वर्षांच्या मुलाला बाबांनीच शोधून दिलेले उत्तर नाकारायला सांगणे ही फार मोठी अपेक्षा आहे. आपल्या संस्कृतीत तर ती जवळजवळ अशक्यच.

आमच्या सोसायटीत तेव्हा तिसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी होती. वाणिज्य शाखेची. हिशेबातले काही अडले की माझ्याकडे येई. निकालानंतर एका संध्याकाळी ती आली आणि बराच वेळ काही न बोलता बसून राहिली. मग म्हणाली, "काका, वर्गाच्या ग्रुपवर उत्तरं येत होती. पेपर सुरू झाल्यावर दहा मिनिटांत. मी ग्रुप म्यूट केला."

"बरं केलंस," मी म्हणालो.

"बरं कसलं? मला पन्नासपैकी छत्तीस. जे वर्षभर लेक्चरला बसले नाहीत त्यांना सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस. आई म्हणते, एवढं शहाणपण कोणी सांगितलं होतं?"

तिला देण्यासारखे उत्तर माझ्याजवळ नव्हते. प्रामाणिकपणाचे फळ उशिरा का होईना मिळते, असे सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. पण एकवीस वर्षांच्या मुलीला, जिच्यासमोर पुढच्या प्रवेशाची गुणवत्ता यादी लागलेली आहे, तिला हे कोणत्या तोंडाने सांगावे? पुढे तिला नोकरी लागली. तिथेही 'कोरोना बॅच' हा शिक्का तिच्या वाट्याला आलाच. म्हणजे गुण गेले ते गेलेच, वर ज्या चोरीत ती सामील नव्हती तिचा डागही लागला. तिचे छत्तीस आणि शेजारच्याचे अठ्ठेचाळीस हे जगाच्या लेखी एकाच जातीचे गुण ठरले. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला खरा अन्याय हा आहे.

कॉपी ही काही महाराष्ट्राला कोरोनाने दिलेली देणगी नव्हे. परीक्षांमधले गैरप्रकार रोखण्यासाठी आपल्या राज्याने १९८२ सालीच कायदा केलेला आहे. शाळेच्या खिडक्यांना लटकून चिठ्ठ्या पुरवणारे आप्तेष्ट, भरारी पथक येताच उडणारी पळापळ, ही दृश्ये आपण वर्षानुवर्षे पाहिली. २०१० च्या सुमारास नांदेडचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम हाती घेतली, तेव्हा जिल्ह्याचा निकाल कोसळला. आधीच्या टक्केवारीत अभ्यास किती आणि चिठ्ठ्या किती, हे त्या वर्षी सर्वांना कळले.

मात्र जुन्या कॉपीत आणि या कॉपीत एक मोठा फरक आहे. जुन्या कॉपीला धाडस लागे. चिठ्ठी लिहावी लागे, लपवावी लागे, पर्यवेक्षकाची पाठ फिरण्याची वाट पाहावी लागे. सरळ मुलगा निव्वळ भीतीपोटीही सरळ राहू शकत असे. ऑनलाइन परीक्षेने हे उलटे केले. तिथे कॉपी करायला काहीच लागत नव्हते. न करायला मात्र धाडस लागत होते. उत्तर हातातल्या फोनवर आपण होऊन येत होते. ते न पाहण्यासाठी फोन बंद करावा लागत होता, मित्रांचा रोष घ्यावा लागत होता आणि आईची बोलणी खावी लागत होती.

इथे मला बँकेतली तिजोरी आठवते. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एक हेड कॅशियरकडे आणि दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघे हजर असल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. 'जॉइंट कस्टडी' म्हणतात तिला. मी नवा अधिकारी असताना एका आडगावच्या शाखेत होतो. तिथले हेड कॅशियर निवृत्तीला आलेले, अतिशय सचोटीचे गृहस्थ. त्यांच्यासमोर रोज सकाळी किल्ली घेऊन उभे राहायचे मला अवघड वाटे. एकदा मी तसे बोलून दाखवले. ते म्हणाले, "साहेब, ही दुसरी किल्ली माझ्यावर अविश्वास म्हणून नाही. ती माझ्यासाठीच आहे. उद्या रोकड कमी भरली, तर मी एकटा नव्हतो हे सांगणारा कोणीतरी पाहिजे ना?"

दुसऱ्या किल्लीची कामे दोन. मोहाच्या क्षणी माणसाला एकटे सोडायचे नाही, हे पहिले. जो प्रामाणिक आहे त्याला साक्षीदार द्यायचा, हे दुसरे आणि जास्त महत्त्वाचे. परीक्षेच्या वर्गातला पर्यवेक्षक हीच दोन्ही कामे करीत असे. तो नुसता पहारेकरी नव्हता. उत्तरपत्रिकेवर त्याची सही असे. या मुलाने हे माझ्यादेखत लिहिले, असा त्या सहीचा अर्थ होता. २०२० मध्ये आपण दोन्ही किल्ल्या मुलांच्या हाती दिल्या, तिजोरी उघडी ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी रोकड कमी भरली म्हणून सर्वांनाच चोर ठरवले. बँकेत असे झाले असते तर चौकशी आधी वरच्या साहेबांची झाली असती.

साथीचा काळ होता, दुसरा इलाज नव्हता, असे यावर कोणी म्हणेल. पहिल्या खेपेला हे मान्य करता येईल. पण पुढे इलाज म्हणून जे आले तेही पाहू. २०२१ मध्ये पुणे विद्यापीठासह ठिकठिकाणी 'प्रॉक्टर्ड' परीक्षा आल्या. मोबाइलचा किंवा संगणकाचा कॅमेरा विद्यार्थ्याचा चेहरा पाहतो, ठरावीक वेळाने छायाचित्रे घेतो, पडद्यावरची खिडकी बदलली की नोंद करतो, चेहरा चौकटीबाहेर गेला की इशारा देतो. कागदावर हे ठीक दिसते. पण दोन खोल्यांच्या घरात, जिथे पाठीमागे कपडे वाळत आहेत आणि आजी खोकते आहे, तिथे मान जरा वळली तरी संशय यायचा. मुले प्रश्न वाचण्याऐवजी स्वतःचा चेहरा सांभाळत बसली. आणि ज्याला कॉपी करायचीच होती, त्याने दुसरा फोन कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर ठेवला.

यंत्राच्या साक्षीवर विसंबले की काय होते, त्याचा एक धडा अमेरिकेत मिळाला. डार्टमथ विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने २०२१ मध्ये १७ विद्यार्थ्यांवर ऑनलाइन परीक्षेत फसवणूक केल्याचा ठपका ठेवला. पुरावा काय, तर परीक्षेच्या वेळी त्यांच्या खात्यांवरून अभ्याससाहित्याची पाने उघडल्याची संगणकीय नोंद. पुढे निष्पन्न झाले, की उपकरण नुसते जोडलेले असले तरी अशा नोंदी आपोआप होऊ शकतात. जूनमध्ये सगळे आरोप मागे घेण्यात आले आणि अधिष्ठात्यांनी माफी मागितली. डॉक्टर होऊ घातलेल्या त्या मुलांनी मधले महिने कसे काढले असतील, याची कल्पना केलेली बरी. २०२२ मध्ये ओहायोतल्या एका संघीय न्यायालयाने क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाच्या प्रकरणात आणखी एक गोष्ट सांगितली. परीक्षेपूर्वी कॅमेरा फिरवून विद्यार्थ्याच्या खोलीची पाहणी करणे ही घटनाबाह्य झडती आहे, असा तो निर्णय होता. कॅमेरा पहारा देईल. पण माझ्या त्या कॅशियरना जी साक्ष हवी होती, ती तो देऊ शकत नाही.

मग माणसाला प्रामाणिक ठेवते ते काय? अमेरिकेतल्या रट्‌गर्स विद्यापीठाचे डोनाल्ड मॅकेब यांनी १९९० पासून पुढे वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांच्या कॉपीचाच अभ्यास केला. शिक्षेच्या धाकापेक्षा 'आजूबाजूचे काय करतात' या समजुतीचा परिणाम मोठा असतो, असे त्यांना आढळले. सगळेच करतात असे एकदा वाटले, की न करणाऱ्याला आपण मूर्ख ठरतो आहोत असे वाटू लागते. आमच्या सोसायटीतल्या मुलीच्या आईने नेमके हेच शब्द वापरले होते.

या समजुतीला खतपाणी घातले ते आपणच. २०२१ मध्ये दहावीची परीक्षा रद्द झाली आणि नववीचे गुण, अंतर्गत मूल्यमापन यांच्या आधारे लागलेला निकाल ९९.९५ टक्के होता. बारावीचा ९९.६३. आकडा पाहून मोठी माणसे हसली आणि मुले गप्प झाली. नंतर, ३१ जानेवारी २०२२ रोजी, धारावीत शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांच्या घराबाहेर शेकडो मुले जमली. परीक्षा ऑनलाइन घ्या, अशी त्यांची मागणी होती. 'कॉपीला सोकावलेली पिढी' अशी संभावना तेव्हा झाली. त्यात सोकावलेले काही असतीलही. पण ज्या मुलांनी दोन वर्षे शाळेचा बाक पाहिला नव्हता, तीन तास सलग लिहिण्याची ज्यांच्या बोटांची सवय गेली होती, त्यांची भीतीही खोटी नव्हती.

मंडळाने त्या वेळी केले ते मला शहाणपणाचे वाटते. परीक्षा वर्गातच झाली. पण अभ्यासक्रम पाव हिश्श्याने कमी केला होता, मोठ्या पेपरला अर्धा तास जास्त दिला आणि मुलांना आपापल्याच शाळेत बसण्याची सोय केली. दहावीचा निकाल ९६.९४ टक्के आणि बारावीचा ९४.२२ टक्के लागला. आभाळ काही कोसळले नाही. ताण कमी करायचा म्हणजे परीक्षा सैल सोडायची असे नाही, आणि परीक्षा कडक करायची म्हणजे मुलांना घाबरवायचे असेही नाही, एवढे त्यातून दिसले. ताण आणि अप्रामाणिकपणा या एकाच झाडाच्या दोन फांद्या आहेत. एका तासात, एका आकड्यात माणसाची सारी किंमत ठरते असे ज्याला सांगितलेले असते, त्याच्यापुढे उरतात दोनच वाटा: तो आकडा कसाही मिळवायचा, नाही तर तो मिळाला नाही म्हणून खचून जायचे.

खचण्याची ही वाट कुठवर जाते, हे सांगताना लेखणी जड होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीवन संपवले. राज्यवार यादीत पहिले नाव महाराष्ट्राचे होते: १,७६४. या सगळ्यांमागे परीक्षाच होती असे कोणी म्हणू नये. प्रत्येक घराची कथा वेगळी असते. तरीही हा आकडा वाचून स्वस्थ बसता येत नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, असे त्यांत आहे. केंद्र सरकारची १४४१६ ही दूरध्वनी सेवाही आहे. हा क्रमांक महाविद्यालयाच्या फलकावर परीक्षेच्या वेळापत्रकाशेजारी लावायला खर्च काही येत नाही.

साथ ओसरली, परीक्षा बहुतेक ठिकाणी वर्गात परतल्या, तेव्हा हे पुराण आता कशाला, असे वाटेल. पण दुसऱ्या किल्लीचा प्रश्न संपलेला नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि घरी लिहून आणायचा निबंध, प्रकल्प, प्रबंध हे सगळेच पुन्हा उघड्या तिजोरीसारखे झाले. पुन्हा आपण यंत्राला पकडायला यंत्र शोधतो आहोत. पुन्हा एखाद्या सरळ मुलीचे स्वतः लिहिलेले पान संशयित ठरणार आहे आणि तिला साक्षीदार नसणार आहे.

उपाय फार मोठे नाहीत. घरून दिलेल्या परीक्षेनंतर किंवा आणलेल्या प्रकल्पानंतर शिक्षकाने विद्यार्थ्याला समोर बसवून दहा मिनिटे विचारावे. जे लिहिले आहेस ते सांग, एवढेच. ज्याने लिहिले तो सांगतो. ज्याने उचलले तो चाचपडतो. घरी परीक्षा घ्यायचीच तर पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा द्यावी आणि पुस्तकात थेट सापडणार नाही असा प्रश्न विचारावा. म्हणजे चोरायला काही उरतच नाही. सारे गुण एका तासावर टांगू नयेत. कोणावर ठपका ठेवायचा तर आधी त्याचे म्हणणे ऐकावे. बँकेत चपराश्यालासुद्धा आरोपपत्राला उत्तर देण्याचा हक्क असतो. यासाठी शिक्षक पुरेसे हवेत आणि त्यांना वेळ हवा. वर्षानुवर्षे रिक्त राहिलेल्या जागा आणि तासिकेवर राबणारे प्राध्यापक हा विषय म्हणूनच कॉपीच्या विषयापासून वेगळा काढता येत नाही.

आणि जी मुले तो शिक्का घेऊन आज कामाला लागली आहेत, त्यांचे काय? त्यांच्यातले कोणी नोकरीसाठी समोर आले, तर 'घरी बसून पास झालात ना?' असे विचारून हसू नका. त्यांच्या विषयातले काहीतरी विचारा आणि उत्तर शांतपणे ऐका. ग्रुप म्यूट करून छत्तीस गुण मिळवलेली एखादी मुलगी त्यांच्यात असेल. तिला कोणीतरी विचारण्याची ती पाच वर्षे वाट पाहते आहे.